वखारीकडून वसाहतीकडे : हिस्पान्योला बेटावरील स्पॅनिश सत्तेची पहिली पंचवीस वर्षे

अमेरिका खंडातील युरोपीय वसाहतींचा इतिहास सांगताना मेक्सिको व पेरू येथील विजयांना अग्रस्थान देण्याचा प्रघात आहे. कोर्तेझ १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि पिझारोने १५३२ मध्ये इंका राजास कैद केले, ह्या घटना नाट्यपूर्ण असल्यामुळे हा प्रघात पडला असावा. तथापि ह्या दोघांनी जिंकलेल्या प्रदेशांत जी राज्यव्यवस्था उभी केली, ती त्यांची स्वतःची कल्पना नव्हती. नगराची विधिपूर्वक स्थापना, जितांची विजेत्यांमध्ये वाटणी, सोन्यावरील राजाचा पंचमांश आणि सेव्हिलहून चालणारे व्यापाराचे नियंत्रण हे सारे साचे तत्पूर्वीच कॅरिबियन समुद्रातील एका बेटावर तयार झाले होते. हे बेट म्हणजे हिस्पान्योला होय. आज त्याच्या पश्चिम भागात हैती व पूर्व भागात डोमिनिकन प्रजासत्ताक अशी दोन राज्ये आहेत. पिझारो १५०२ च्या सुमारास आणि कोर्तेझ १५०४ मध्ये प्रथम ह्याच बेटावर आले व वसाहतीचे पहिले धडे त्यांनी येथेच घेतले.

ह्या बेटाच्या इतिहासातून दोन प्रश्न उद्भवतात. कोलंबस १४९२ मध्ये निघाला तो व्यापाराच्या करारावर; असे असता दहा-बारा वर्षांच्या आत त्या व्यापाराचे रूपांतर सक्तीच्या श्रमावर उभ्या असलेल्या वसाहतीत का व्हावे, हा पहिला प्रश्न. आणि पंचवीस वर्षांत तेथील मूळ समाज मोडून पडला, त्याचे कारण केवळ युरोपातून आलेले रोग होते काय, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत व पहिल्याचे उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्याचा उलगडा होत नाही.

१. साधनांचे स्वरूप

बेटावरील ताइनो लोकांची लिपी नव्हती. त्यामुळे त्यांच्याविषयीची लिखित माहिती जवळजवळ सर्वस्वी विजेत्यांकडून आलेली आहे. कोलंबसाची मूळ रोजनिशी उपलब्ध नाही. ती लास कासास ह्याने केलेल्या गोषवाऱ्याच्या रूपानेच आपणापर्यंत पोहोचली. रामोन पाने ह्या धर्मसेवकाने १४९८ च्या सुमारास ताइनोंच्या देवदेवतांविषयी व समजुतींविषयी लिहिलेले टिपण हे ह्या विषयावरील पहिले लेखन होय. बार्तोलोमे दे लास कासास १५०२ मध्ये बेटावर आला, स्वतः वसाहतवाला झाला आणि पुढे त्याच व्यवस्थेचा कट्टर विरोधक बनला. त्याचा ‘हिस्तोरिया दे लास इंदियास’ हा प्रचंड ग्रंथ १८७५–७६ पर्यंत अप्रकाशित राहिला होता. लास कासासच्या आकड्यांत अतिशयोक्ती आहे हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. परंतु संस्थांच्या कारभारासंबंधीचे त्याचे कथन राजाज्ञा व वाटणीच्या नोंदी यांच्याशी पुष्कळ अंशी जुळते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ह्या कागदपत्रांच्या जोडीला विसाव्या शतकाच्या अखेरीस ला इझाबेला येथे झालेल्या उत्खननाने नवे व स्वतंत्र साधन उपलब्ध झाले आहे.

२. वखारीची कल्पना

कोलंबस १४७६ पासून सुमारे दहा वर्षे पोर्तुगालमध्ये राहिला होता. ह्या काळात पोर्तुगीज पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वखारी बांधीत होते आणि त्यांपैकी १४८२ मध्ये उभारलेली साव जोर्ज दा मिना ही वखार कोलंबसाने पाहिली होती. वखारीची पद्धत सुटसुटीत असे. समुद्रकाठी एक तटबंदीची जागा, तीत थोडे पगारी नोकर, व्यापाराचा मक्ता राजाकडे, आणि अंतर्भागातील माल तेथील व्यापाऱ्यांनीच दारापर्यंत आणून द्यावयाचा. भूमी जिंकण्याची अथवा तेथील प्रजेवर राज्य करण्याची ह्या पद्धतीत आवश्यकता नव्हती.

१७ एप्रिल १४९२ रोजी सांता फे येथे झालेला करार ह्याच कल्पनेवर आधारलेला आहे. त्यात कोलंबसाला नौसेनापती, व्हाइसरॉय व गव्हर्नर ही पदे दिलेली असली, तरी लाभाची जी कलमे आहेत ती मोती, रत्ने, सोने, रुपे व मसाले ह्या मालासंबंधीची आहेत. ह्या मालाच्या निव्वळ नफ्याचा दहावा हिस्सा कोलंबसाचा, आणि जहाजांच्या खर्चाचा आठवा भाग भरल्यास नफ्याचाही आठवा भाग त्याचा, अशी तजवीज होती. १४९२ च्या डिसेंबरात हिस्पान्योलाच्या उत्तर किनाऱ्यावर ‘सांता मारिया’ हे जहाज खडकावर अडकून निकामी झाले. त्याच्या लाकडांतून कोलंबसाने ला नाव्हिदाद हे ठाणे उभारले व तेथे ३९ माणसे ठेवली. त्यांनी सोन्याचा शोध करावा व देवघेवीने ते गोळा करावे, ही अपेक्षा होती. ग्वाकानागारी ह्या स्थानिक अधिपतीने जहाजावरील सामान उतरविण्यास मनापासून साहाय्य केले होते. परंतु १४९३ च्या नोव्हेंबरात कोलंबस परतला तेव्हा ठाणे जळालेले होते आणि एकही मनुष्य जिवंत नव्हता. स्त्रिया व सोने यांसाठी ह्या लोकांनी केलेले अत्याचार हे त्याचे कारण सांगितले जाते.

दुसऱ्या सफरीत १७ जहाजे व बाराशेहून अधिक माणसे होती. घोडे, गुरे, डुकरे, गव्हाचे बियाणे व उसाची कांडी यांसह आलेला हा समुदाय बाह्यतः वसाहतीचा दिसतो. परंतु त्याची घटना वखारीचीच होती. बहुतेकजण राजाचे वेतनभोगी होते, खासगी व्यापारास मनाई होती आणि मिळालेल्या प्रत्येक मालाची नोंद राजाच्या अधिकाऱ्यांपुढे व्हावयाची होती. १४९४ च्या जानेवारीत वसविलेल्या ला इझाबेला ह्या ठाण्याच्या अवशेषांवरूनही हेच दिसते. तटबंदी, दगडी कोठार, दारूगोळ्याची इमारत, चर्च आणि नौसेनापतीचे दगडी घर ही तेथील मुख्य बांधकामे होत.

३. वखार का फसली

वखार चालावयाची तर तीन गोष्टी लागतात : अंतर्भागात निर्यातीजोगा माल साठलेला असावा लागतो, तो किनाऱ्यापर्यंत आणणारे व्यापारी असावे लागतात, आणि त्या मालाच्या बदल्यात घ्यावयाच्या वस्तूंना सतत मागणी असावी लागते. पश्चिम आफ्रिकेत ह्या तीनही गोष्टी होत्या. पोर्तुगीजांनी पुढे ज्या मलबार व कोकण किनाऱ्यांवर पाय रोवले, तेथेही त्या होत्या. हिस्पान्योलात त्यांपैकी एकही नव्हती.

ताइनो हे शेतकरी होते. मातीचे उंच वाटोळे ढीग रचून त्यांत कसाव्याची लागवड करावयाची, ही त्यांची पद्धत होती. अशा शेताला ते ‘कोनुको’ म्हणत. ज्या कंदापासून आज आपल्याकडे साबुदाणा होतो तोच हा कंद. त्याचा विषारी रस पिळून काढून ताइनो टिकाऊ भाकरी करीत. बेट अनेक अधिपतींमध्ये विभागलेले होते. ह्या अधिपतीला ‘कासिके’ म्हणत. त्याच्याकडे धान्य व श्रम यांचा ओघ असे, परंतु तो देण्याघेण्याच्या व नातेसंबंधांच्या नियमांनी बांधलेला होता, बाजाराच्या नव्हे. सोने ओढ्यांच्या रेतीत सापडे आणि त्याचे दागिने होत, पण साठा करण्याजोगे धन म्हणून त्याकडे कोणी पाहत नसे. काचेचे मणी व पितळेच्या घुंगरांची हौस एकदा फिटली, की ताइनोंना परकीयांकडून घेण्याजोगे फारसे काही उरत नव्हते. आधी जमलेले दागिने संपताच देवघेव आटली.

इकडे ठाण्यात रोगराई व उपासमार सुरू झाली. स्पॅनिश धान्य पुरेना आणि कसाव्याची भाकरी खाण्याची सवय होईना. ला इझाबेलाच्या दफनभूमीतील अनेक सांगाड्यांवर स्कर्व्ही ह्या पोषणाच्या विकाराच्या खुणा आढळल्या आहेत. त्याहूनही बोलका पुरावा म्हणजे तेथे सापडलेले शिशाचे खनिज व ते वितळविल्याचे अवशेष. पूर्वी हा बेटावरील चांदीच्या शोधाचा पुरावा समजला जाई. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक परीक्षणानुसार मात्र हे खनिज स्पेनमधूनच आणलेले होते. सोन्याच्या कसोटीसाठी आणलेल्या सामग्रीतूनच अखेरच्या दिवसांत थोडी चांदी काढण्याचा हा प्रयत्न असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे. सोने पारखण्यासाठी आणलेले साहित्यच वितळविण्याची पाळी ज्या ठाण्यावर आली, त्याच्या व्यापाराची अवस्था निराळी सांगावयास नको. १४९४ मध्येच लष्करी नायक मार्गारीत व धर्मप्रमुख बोइल हे दोघेही नाराज होऊन स्पेनला निघून गेले.

४. व्यापारातून खंडणी, खंडणीतून माणसांची वाटणी

जहाजे रिकामी पाठविणे कोलंबसाला परवडणारे नव्हते. १४९५ च्या फेब्रुवारीत त्याने सुमारे ५५० ताइनो कैदी विक्रीसाठी स्पेनला रवाना केले. त्यांपैकी सुमारे दोनशे वाटेतच मरण पावले. ह्या व्यापाराविषयी राणी इझाबेलाचे मन साशंक होते. प्रथम विक्रीस परवानगी, मग तिला स्थगिती आणि अखेर जून १५०० मध्ये विकलेल्या कैद्यांची सुटका करून त्यांना परत पाठविण्याची आज्ञा, असा दरबाराचा क्रम दिसतो.

गुलामांचा मार्ग असा अनिश्चित होता, म्हणून खंडणीचा मार्ग पुढे आला. १४९५ मधील लढाईत मध्य खोऱ्यातील प्रतिकार मोडल्यावर सोन्याच्या मुलखातील चौदा वर्षांवरील प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एक घुंगरूभर सोने द्यावे, इतरांनी एक अरोबा म्हणजे सुमारे पंचवीस पौंड कापूस द्यावा, असे फर्मान निघाले. खंडणी भरणाऱ्याने पावतीदाखल धातूचा बिल्ला गळ्यात बांधावयाचा होता. ग्वारिओनेक्स ह्या अधिपतीने ह्यावर जो प्रस्ताव मांडला, तो लास कासासने नोंदविला आहे. सोने गोळा करण्याचे ज्ञान आपल्या लोकांना नाही. त्याऐवजी ह्या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत स्पॅनिशांसाठी शेती करून देऊ, असे त्याचे म्हणणे होते. हा प्रस्ताव नाकारला गेला. बेटाची खरी संपत्ती कोणती हे ह्या प्रस्तावात स्पष्ट होते. परंतु स्पेनच्या दरबारात कसाव्याला किंमत नव्हती. खंडणी पुढे निम्म्यावर आणूनही वसूल होईना. लोक शेते सोडून डोंगरांत गेले, लागवड थांबली आणि दुष्काळात फार मोठी मनुष्यहानी झाली.

निर्णायक पाऊल मात्र वरून पडले नाही. ते खालून, असंतुष्ट स्पॅनिशांकडून पडले. १४९७ मध्ये ला इझाबेलाचा मुख्य न्यायाधिकारी फ्रान्सिस्को रोल्दान याने बंड केले व आपल्या अनुयायांसह तो नैर्ऋत्येच्या खाराग्वा प्रांतात गेला. तेथे ही मंडळी राजाच्या पगाराची वाट न पाहता एकेका अधिपतीच्या प्रजेकडून थेट अन्न व सेवा घेऊ लागली. १४९९ च्या तहात कोलंबसाने ही वहिवाट मान्य केली आणि वसाहतवाल्यांना जमिनीसह कासिकेंची प्रजा नेमून दिली. ‘रेपार्तिमिएंतो’ अथवा वाटणी ह्या पद्धतीचा उगम येथे आहे. त्याबरोबरच वखारीतील पगारी नोकराचा पोटभरू धनी झाला. १५०० मध्ये बोबादिल्या ह्या नव्या अधिकाऱ्याने कोलंबसाला बेड्या घालून स्पेनला पाठविले खरे, परंतु वाटणी रद्द झाली नाही.

५. ओव्हान्दोचा कारभार

१५०२ च्या एप्रिलात निकोलास दे ओव्हान्दो सुमारे तीस जहाजे व अडीच हजार माणसे घेऊन आला. बेटावर तोपर्यंत काहीशे स्पॅनिशच उरले होते. नव्या लोकांपैकी एक हजारांहून अधिक लवकरच भूक व तापाने मेल्याचे लास कासास सांगतो. जे वाचले ते खाणींकडे धावले, आणि त्यांना खणण्यास व पोसण्यास माणसे हवी होती. ओव्हान्दोने प्रथम स्वतंत्र राहिलेल्या अधिपतींचा नायनाट केला. १५०३ मध्ये खाराग्वात आदरातिथ्यासाठी जमलेल्या अधिपतींना घरात कोंडून जाळण्यात आले व तेथील राणी आनाकाओना हिला पुढे सांतो दोमिंगो येथे फाशी देण्यात आली. पूर्वेकडील इग्वेय प्रांतही युद्धाने मोडण्यात आला.

ह्याच वेळी कायद्याचे काम पूर्ण झाले. १५०३ च्या जानेवारीत सेव्हिल येथे व्यापारगृहाची स्थापना झाली व १५०४ मध्ये खाणींवरील राजाचा हिस्सा पंचमांश ठरला. त्याहून महत्त्वाची आज्ञा २० डिसेंबर १५०३ ची होय. ताइनो मोकळे असल्यामुळे ख्रिस्ती लोकांपासून दूर पळतात, म्हणून त्यांना इमारती, खाणी व शेते यांवर काम करावयास भाग पाडावे. मात्र त्यांना मजुरी द्यावी व ते स्वतंत्र मनुष्य आहेत असे मानावे, असा तिचा आशय आहे. सक्ती आणि स्वातंत्र्य हे दोन शब्द एकाच आज्ञेत शेजारी बसले. पुढील अर्धशतकाचा वाद मुख्यतः ह्या विसंगतीभोवतीच फिरत राहिला.

ह्या व्यवस्थेला पुढे ‘एन्कोमिएंदा’ हे नाव रूढ झाले. मराठी वाचकाला तिच्यात जहागिरीचे साम्य दिसण्याचा संभव आहे. परंतु दोहोंतील भेद मूलगामी आहे. जहागिरीत गावाचा महसूल नेमून दिलेला असे व तो कुळांच्या शेतीवर अवलंबून असल्याने कुळे टिकविण्यात जहागीरदाराचाही स्वार्थ असे. एन्कोमिएंदाने जमीन दिली नाही, महसूलही दिला नाही; दिली ती फक्त माणसांची वेठ, आणि तीही अनिश्चित मुदतीची. गव्हर्नर बदलताच वाटणी बदलण्याचा संभव असल्याने हाती आहे तोवर माणसे खाणीत राबवून घेण्याकडेच धन्याचा कल राहिला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले तेव्हा पैशात महसूल देणाऱ्या गांवकऱ्या तेथे आधीच होत्या आणि १५२६ च्या सनदेने त्यांच्या वहिवाटी लिहून ठेवण्यात आल्या. पोर्तुगीज अधिक दयाळू होते असा ह्याचा अर्थ नव्हे; गोव्यातील पुढील धर्मछळ सर्वश्रुत आहे. जेथे महसुलाची घडी तयार होती तेथे नव्या सत्तेने ती उचलली, जेथे नव्हती तेथे तिने माणूसच उचलला, एवढाच त्यातून निष्कर्ष निघतो.

६. लोकक्षयाचा प्रश्न

१४९२ मध्ये बेटाची लोकसंख्या किती होती, ह्याविषयी तीव्र मतभेद आहेत. लास कासास तीस लाखांचा आकडा देतो. १९७१ मध्ये कुक व बोरा ह्यांनी तो ऐंशी लाखांपर्यंत नेला, तर रोझेनब्लाटने सुमारे एक लाखावर आणला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासाने हा अंदाज काही दहा हजारांपर्यंत खाली नेला. ह्या अंदाजांतील अंतर इतके मोठे आहे, की आरंभीच्या संख्येवरून ऱ्हासाचे प्रमाण ठरविणे धोक्याचे होय.

नंतरच्या नोंदी मात्र अधिक भक्कम आहेत. १५०८ च्या सुमारास साठ हजार ताइनो उरल्याचा उल्लेख आहे आणि १५१४ मध्ये रोद्रीगो दे अल्बुकेर्के याने केलेल्या सर्वसाधारण वाटणीत सुमारे २६ हजारांची नोंद झाली. देवीची पहिली निश्चित साथ बेटावर आली ती १५१८ च्या अखेरीस. म्हणजे ऱ्हासाचा मोठा भाग तत्पूर्वीच घडून गेला होता. १४९३–९४ मध्येही एखादा ताप पसरला असणे शक्य आहे व त्याने पुष्कळ बळी घेतले असतील. परंतु साथीनंतर समाज जन्मांच्या बळावर सावरतो, असा लोकसंख्याशास्त्राचा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे तसे झाले नाही. १५१४ च्या नोंदीत प्रौढांच्या मानाने मुलांची संख्या अगदी थोडी आहे. पुरुष महिनोन्महिने दूरच्या खाणीत, स्त्रिया स्पॅनिशांच्या शेतांवर, घरची कोनुको पडीक, आणि प्रत्येक वाटणीबरोबर गावांची फाटाफूट. अशा स्थितीत कुटुंबच उभे राहत नव्हते. रोगाने माणसे मारली हे खरे. मेलेल्यांची जागा भरून निघू दिली नाही ती श्रमपद्धतीने.

ही तूट भरून काढण्यासाठी बहामा बेटांवरील लोक पकडून आणण्यात आले, त्यामुळे ती बेटेही ओस पडली. १५०८ ते १५११ ह्या काळात प्वेर्तो रिको, जमैका व क्यूबा येथे ज्या मोहिमा निघाल्या, त्यांच्या मुळाशीही सोने व श्रम यांचाच शोध होता.

७. निषेध आणि कायदा

ह्या परिस्थितीविरुद्ध पहिला जाहीर आवाज २१ डिसेंबर १५११ रोजी उठला. डोमिनिकन पंथाचे धर्मसेवक आदल्याच वर्षी बेटावर आले होते. त्यांच्या वतीने आंतोनिओ मोंतेसिनोस याने सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये गव्हर्नर दिएगो कोलंबस व प्रमुख वसाहतवाले यांच्यासमोर प्रवचन केले आणि कोणत्या अधिकाराने व कोणत्या न्यायाने ह्या लोकांना दास्यात ठेवले आहे, असा प्रश्न त्यांना विचारला. वसाहतवाल्यांनी माफीची मागणी केली. पुढील रविवारी त्याने तोच विषय अधिक कठोरपणे मांडला.

प्रकरण राजा फर्डिनंडपुढे गेले व २७ डिसेंबर १५१२ रोजी बुर्गोस येथे ३५ कलमांचा कायदा झाला. पाच महिने खाणकामानंतर चाळीस दिवस विश्रांती, ताइनोला ‘कुत्रा’ म्हणण्यास बंदी, चार महिन्यांवरील गर्भवतीस खाणीत न पाठविणे अशी कलमे त्यात आहेत. परंतु त्याच कायद्यात ताइनोंची जुनी घरे जाळून त्यांना स्पॅनिशांच्या शेजारी वसवावे, आणि वाटणीतील किमान एकतृतीयांश माणसे खाणीत लावावी, अशीही आज्ञा आहे. कोणत्या अधिकाराने, हा मोंतेसिनोसचा प्रश्न होता. कायद्याने उत्तर दिले ते कोणत्या मर्यादेत, ह्याचे. ज्यांच्यावर मर्यादा घालावयाच्या त्यांच्याच हाती अंमलबजावणी राहिल्याने त्या मर्यादाही कागदावरच राहिल्या. लास कासासने १५१४ मध्ये क्यूबातील आपल्या वाटणीचे ताइनो सोडून दिले व पुढील आयुष्य ह्या लढ्यास वाहिले. त्याच लास कासासने आरंभी ताइनोंच्या ऐवजी आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना केली होती व उत्तरायुष्यात त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला.

१५१८ मध्ये राजा पहिला कार्लोस याने चार हजार आफ्रिकी गुलाम आणण्याचा परवाना दिला. सोने संपत आले होते व उसाचे घाणे उभे राहत होते. ताइनो मात्र निःशेष झाले नाहीत. १५१९ मध्ये एन्रिकिल्यो ह्या अधिपतीने बाओरुको डोंगरात बंड उभारले, ते १५३३ मध्ये राजाला तह करूनच मिटवावे लागले. आजच्या बेटवासीयांच्या जनुकांतही ताइनो वारसा आढळतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते, की हिस्पान्योलातील वसाहत ही पूर्वनियोजित विजयातून जन्मली नाही. ती फसलेल्या व्यापारातून जन्मली. माल मिळेना म्हणून खंडणी, खंडणी मिळेना म्हणून वेठ, आणि वेठीची माणसे संपली म्हणून नवी बेटे व आफ्रिकी गुलाम, अशी ती साखळी आहे. तिच्या प्रत्येक दुव्यावर दुसरा मार्ग सुचविला गेला होता. ग्वारिओनेक्सने शेतीचा सुचविला, मोंतेसिनोसने न्यायाचा. दोन्ही वेळा निर्णय सोन्याच्या बाजूने झाला. म्हणून ताइनोंच्या ऱ्हासाला केवळ निसर्गाचा कोप मानणे इतिहासाला धरून होणार नाही. देवीच्या साथीची तारीख आणि अल्बुकेर्केची वाटणी यांमधील चार वर्षांचे अंतर हा त्याविरुद्धचा सर्वांत सबळ पुरावा आहे. १५४२ च्या नव्या कायद्यांनी एन्कोमिएंदाला आळा घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पेरूमध्ये वसाहतवाल्यांनी उघड बंड केले. एका बेटावर अडचणीपोटी मान्य केलेली वहिवाट तोपर्यंत एका खंडाचा पाया झाली होती.